टेंबे शीतल बंद करण्याचा मुहूर्त

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार
घरचे गणपती पोचवून झाले. नवी वही काढली. संकल्प एकच: कंपनी बंद करणे. एकदाची.

सकाळी अशोका गार्डन कॉलनीत गिरीशकडे जाऊन आलो. गिरीश शितोळे, आमचा सीए. ग्वाल्हेरकडून लांबचा भाचा लागतो, म्हणून फी कमी घेतो आणि ऐकवतो जास्त. म्हणाला, काका, टेंबे शीतल सोल्युशन्स प्रायव्हेट लिमिटेडचे दोन वर्षांचे वार्षिक फॉर्म भरलेलेच नाहीत. हे तिसरं वर्ष. नोव्हेंबर संपायच्या आत भरले नाहीत, तर दोन्ही डायरेक्टर पाच वर्षांसाठी बाद. मग कुठल्याच कंपनीत डायरेक्टर होता येणार नाही. आधी सगळे फॉर्म भरा, मग बंद करायचा अर्ज टाकू, आणि सुटा.

मी म्हणालो, अडीच महिने आहेत रे. अडीच महिन्यांत लोक घर बांधतात.

तो म्हणाला, काका, तुम्ही दोन वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतात.

असेल. चांगली वाक्यं माणूस पुन्हा वापरतोच.

१५ सप्टेंबर, रविवार
नोंद राहावी म्हणून लिहितो, कंपनी का काढली होती. २०१७. कारखान्यातून व्हीआरएस घेतली. भोपाळच्या मे महिन्यात घरोघरी माणसं कूलरमध्ये बादल्यांनी पाणी ओतताना बघून मी एक व्हॉल्व्ह तयार केला. पाणी संपलं की आपोआप भरतो, भरलं की आपोआप थांबतो. नाव: कूलरमित्र. चौदा विकले. तेरा थांबले. एक शेजारच्या वसंतरावांकडे थांबला नाही, त्यांचा दिवाण तरंगला. लोक तेराचं बोलत नाहीत.

कंपनीला दोन डायरेक्टर लागतात. सरोजला विचारलं होतं. ती म्हणाली, मला मेलीला कशाला ओढता त्यात, मी माझ्या शाळेत बरी आहे. मग क्षितिजाला अठरा पूर्ण झाली त्याच दिवशी तिला डायरेक्टर केलं. लोक मुलींना स्कूटी देतात. मी पद दिलं. केकवरसुद्धा लिहून घेतलं होतं. पोर हरखली होती अगदी.

२०२० पासून विक्री बंद. पण बंद म्हणजे मेलेली नव्हे. झोपलेली. सिंहही झोपतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार
फॉर्मची फाइल काढायला बसलो आणि सरोजने आठवण केली की पितृपक्ष लागला. तिचा अर्थ असा की नानांच्या तिथीचं सामान आणा. पण मला वेगळाच अर्थ लागला. पितृपक्षात सह्या? कंपनी ही शेवटी लक्ष्मी. मी फाइल परत कपाटात ठेवून दिली.

गिरीशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, काका, सरकारची शेवटची तारीख पितृपक्ष बघत नाही. मी म्हणालो, म्हणूनच सरकारचं असं आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार
सर्वपित्री. संध्याकाळी क्षितिजाचा इंदूरहून फोन. ती आणि तिची मैत्रीण मेघा गेली दोन वर्षं एका थंड पेटीवर काम करताहेत. भाजीच्या ठेल्यावर बसते, वीज लागत नाही, कोथिंबीर दिवसभर टवटवीत राहते. (मूळ कल्पना कुणाची? गारव्याची. म्हणजे माझीच.) आता त्यांना अनुदान मंजूर होतंय. अट अशी की जानेवारीत कंपनी नोंदवायची आणि दोघींनी डायरेक्टर व्हायचं.

म्हणाली, बाबा, आपल्या जुन्या कंपनीचं काही अडकलेलं नाही ना? गिरीशदादा काहीतरी बोलत होता.

म्हणालो, काही नाही गं. नुसत्या फॉर्मॅलिटीज. तू पेटीकडे बघ, पेपर्सकडे तुझा बाप बघतो.

फोन ठेवल्यावर सरोज माझ्याकडे बघत होती.  तिचं ते बघणं माझ्या फार जुन्या ओळखीचं आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
नवरात्र लागलं. आता शुभ दिवस सुरू. पण नीट विचार केला तर नवरात्र हे सुरू करण्यासाठी असतं, बंद करण्यासाठी नसतं. घट बसलेले असताना दुकानाला कुलूप कोण लावतो?

बाळकृष्ण गुरुजींना विचारायला गेलो. म्हणालो, कंपनी बंद करायला चांगला मुहूर्त काढून द्या. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं, चष्मा पुसला. म्हणाले, टेंबे, चाळीस वर्षांत दुकानं, गाड्या, बोअरवेल, सगळ्यांचे मुहूर्त काढले. बंद करायचा मुहूर्त कुणी मागितला नाही. तो नसतोच. बंद करायचं ते करून मोकळं व्हायचं.

याचा अर्थ त्यांना मिळाला नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचारलं पाहिजे.

२१ ऑक्टोबर, सोमवार
क्षितिजा रविवारी येऊन गेली. खास सह्यांसाठी. गिरीशकडे बसून तिच्या बाजूचं सगळं तासाभरात उरकलं, ताळेबंदावर सही, केवायसी, ओटीपी, आणि हबीबगंजहून संध्याकाळच्या गाडीने परत. (रेल्वेने नाव बदललं. आम्ही नाही.) जाताना म्हणाली, बाबा, आता फक्त तुमचं राहिलं.

गाडी हलताना खिडकीतून पुन्हा तेच. फक्त तुमचं राहिलं.

कळलं मला. एकदा सांगितलं की कळतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार
गिरीशचे तीन मिस्ड कॉल. दिवाळीच्या तोंडावर सीएचा फोन घेऊ नये, बोनस मागतात.

आज महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाच्या बैठकीत अध्यक्षांनी ओळख करून दिली, आपल्यातले उद्योजक, मॅनेजिंग डायरेक्टर श्री. टेंबे. टाळ्या पडल्या. आठ-दहा तरी माणसं होती. कंपनी बंद झाल्यावर काय म्हणतील? निवृत्त टेंबे? तसे आमच्या सोनागिरी कॉलनीत प्रत्येक गल्लीत सात आहेत.

दिवाळी होऊन जाऊ दे. लक्ष्मीपूजनाच्या आधी कंपनी बंद करणारा माणूस मी नव्हे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
यंदा लक्ष्मीपूजन काल की आज यावर कॉलनीत दोन तट. अर्ध्यांनी काल केलं. आम्ही आज. चूक नको म्हणून मी दोन्ही दिवशी केलं.

पूर्वी व्यापारी चोपड्या पूजत. आता चोपडी कुठली? आता कंपनीची सही म्हणजे ते कॉम्प्युटरला लावायचं बोटाएवढं टोकन. तेच चौरंगावर ठेवलं. हळद, कुंकू, अक्षता, फूल. आणि शास्त्र म्हणून पळीभर पंचामृत. सरोज स्वयंपाकघरातून ओरडली, अहो त्याला पाणी नका लावू. मी म्हणालो, हे पाणी नाही.

प्रसन्न वाटलं. फोटो ग्रुपवर टाकला. सतरा नमस्कार आले.

४ नोव्हेंबर, सोमवार
आज सगळं संपवायचं ठरवून गिरीशकडे गेलो. टोकन लावलं. कॉम्प्युटर म्हणाला असं काही जोडलेलंच नाही. गिरीशने टोकन हातात घेतलं, उलटं केलं, टेबलावर आपटलं. दोन अक्षता पडल्या. त्याने वास घेतला. काका, यात दही आहे का?

मी म्हणालो, दही, दूध, तूप, मध, साखर. पाच असतात.

तो उठून बाहेर गेला. दहा मिनिटांनी आला. म्हणाला, नवीन टोकन काढावं लागेल. व्हिडिओवर ओळख पटवायची, आधार, पॅन. आज अर्ज केलात तर आठवड्यात हातात. आज करा.

म्हणालो, आज सोमवार, माझा उपास असतो, व्हिडिओत चेहरा उतरलेला दिसेल. उद्या करतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
टोकनचा अर्ज केला. व्हिडिओत आपलं नाव आणि पद सांगायचं होतं. मी पद जरा सविस्तर सांगितलं. तीस सेकंदांत बसलं नाही, म्हणून पुन्हा. तिसऱ्या वेळी सरोज कॅमेऱ्यामागे उभी राहून हातवारे करत होती, पुरे, पुरे.

क्षितिजाचा मेसेज: बाबा, झालं का?
उत्तर: प्रोसेसमध्ये आहे.
हे खोटं नाही. सगळं जगच प्रोसेसमध्ये आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
टोकन आलं. देवासमोर ठेवलं नाही. नुसतं दाखवलं.

गिरीशने सांगितलं, उद्या या, आणि कंपनीच्या लेटरहेडवर बोर्डाच्या ठरावाची एक प्रत आणा. घरी बघतो तर लेटरहेड संपलेले. शेवटचा सरोजने किराण्याच्या यादीला वापरलेला. मॅनेजिंग डायरेक्टरच्या नावाखाली तूरडाळ दोन किलो.

२३ नोव्हेंबर, शनिवार
प्रिंटरकडे गेलो. एक लेटरहेड हवं म्हणालो. तो म्हणाला, भाईसाब, पाँच सौ से कम नहीं होता. ठीक आहे, पाचशे. बंद होणाऱ्या कंपनीला पाचशे लेटरहेड कशाला, असं कुणी विचारेल. पण शेवटचा कागद फाटका असू नये. कंपनी जावी तर थाटात जावी.

जुना लोगो बघून प्रिंटर म्हणाला की हा बंद नळासारखा दिसतो. तो कूलर आहे. पण त्यानेही विचारात पाडलं. जाता जाता लोगो सुधारून घेऊ. त्याने सहा नमुने दाखवले. दोन आवडले. विचार करून सांगतो म्हणालो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
निळा की हिरवा? वसंतरावांना विचारलं. ते म्हणाले, निळा, पाण्याचा. आणि हसले. त्यांचा दिवाण सात वर्षांपूर्वी वाळला, मन अजून ओलं आहे.

गिरीशचे नऊ कॉल. घेतले नाहीत. लेटरहेडशिवाय बोलणार काय? हातात काम घेऊनच त्याच्यासमोर जाईन.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
हिरवा ठरला. प्रिंटर म्हणाला परवा देतो. म्हणजे शनिवार, तीस तारीख. गिरीश म्हणाला होता नोव्हेंबर संपायच्या आत. तीस म्हणजे नोव्हेंबरच. मी कॅलेंडर दोनदा बघितलं. अगदी वेळेवर. घाई करणारे लोक उगीच बीपी वाढवून घेतात.

३० नोव्हेंबर, शनिवार
पाचशे लेटरहेडचा गठ्ठा घेऊन गिरीशकडे. फार सुंदर छापलेत. मी एक उचलून त्याच्यासमोर उजेडात धरला.

त्याने तो बघितलाच नाही. म्हणाला, काका, शेवटचा दिवस काल होता. एकोणतीस. मी मेसेजमध्ये तारीख लिहिली होती, दहा वेळा फोन केला. आणि लेटरहेड नसतं तरी चाललं असतं, साध्या कागदावर वर नाव टाइप केलं असतं तरी चाललं असतं. तेच सांगायला फोन करत होतो.

विचारलं, एका दिवसाने काय होतं? लेट फी भरू.

म्हणाला, फी घेतील. पण तिसऱ्या वर्षाची चूक घडून गेली. तुम्ही बाद. आणि क्षितिजापण.

मी म्हणालो, तिने तर सह्या ऑक्टोबरातच केल्या होत्या.

म्हणाला, हो ना.

परत येताना गठ्ठा स्कूटरवर पुढे ठेवला होता. फार जड लागला.

१ डिसेंबर, रविवार
क्षितिजाला कळवायचं आहे. अमावास्या आहे. उद्या.

२ डिसेंबर, सोमवार
उद्या.

९ डिसेंबर, सोमवार
गिरीशने सांगून टाकलं तिला. मला न विचारता. हल्लीच्या सीएंना गोपनीयता म्हणून काही राहिली नाही.

ती फोनवर ओरडली असती तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं माझं, पंचामृतापासून प्रिंटरपर्यंत. ती फक्त म्हणाली, बाबा, मी तुम्हाला तीन वेळा विचारलं होतं. मग मेघाने हाक मारली म्हणून ठेवला.

वाईट वाटलं. खूपच. जेवलो नाही. म्हणजे रात्री जेवलो नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार
कुणी म्हणतं कोर्टात जाऊन नाव सोडवता येतं. वकील बघायला हवा. पण परवापासून धनुर्मास लागलाय. इकडच्या लोकांत खरमास, महिनाभर कुठलंही नवीन काम नाही. संक्रांतीनंतर बघू.

हे वाक्य मी मोठ्याने बोललो. सरोज भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, तुम्ही आता काहीही बघू नका. हात जोडते.

आणि आत जाऊन तिने क्षितिजाला फोन लावला. दार लोटून घेतलं. तासभर बोलत होत्या. कडीचा आवाज आला नाही, पण मी काही ढकललं नाही दार.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार
तोड निघाली. ती सरोजची. क्षितिजाऐवजी सरोज डायरेक्टर. सरोज आणि मेघा. अनुदानवाल्यांनी हा बदल कसाबसा मान्य केला. क्षितिजा त्याच कंपनीत नोकरीला, पगारी. पेटी तिने बनवायची, सह्या आईने करायच्या. पाच वर्षं.

मी सरोजला म्हणालो, तुला सात वर्षांपूर्वी विचारलं तेव्हा नको म्हणालीस. ती म्हणाली, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत.

टोकन आलंय तिचं. डब्यात, कापसात, तांदळाच्या डब्यामागे. देवघराकडे फिरकू देत नाही. प्रत्येक कागद दोनदा वाचते, न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारते, गिरीशला फोन करते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांना गोल केलेत लाल. मी म्हणालो, हे सगळं जरा अतीच होतंय. त्यावर तिने आणखी एका तारखेला गोल केला.

तिचं टोकन बनताना व्हिडिओ पहिल्याच वेळी झाला. अकरा सेकंद.

१८ एप्रिल, शुक्रवार
रजिस्ट्रार ऑफिसकडून नोटीस. कंपनीचं नाव यादीतून का काढू नये, तीस दिवसांत कळवा. म्हणजे तेच बंद करताहेत. आयतंच काम झालं. बघा, माणूस घाई करत नाही तर गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

उत्तर लिहायला बसलो. लेटरहेड भरपूर आहेत. मसुदा चांगला होतोय. पहिला परिच्छेद कंपनीच्या इतिहासावर.

२१ मे, बुधवार
उत्तराचा मसुदा अकरा पानं. तीस दिवस झाले वाटतं.

२ जून, सोमवार
गिरीशने यादी पाठवली. बंद झालेल्या कंपन्या. आमची दोनशे चौदावी. वर एक पापडवाली, खाली एक इव्हेंट मॅनेजमेंटवाली. तारीख बघितली. २६ मे. सोमवती अमावास्या, ऐन नवतपा, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. मी आठ महिने दिवस शोधत होतो, त्यांनी कुठलासा सोमवार धरून दोनशे-तीनशे कंपन्या एकदम आटोपल्या. कुणाला काही झालं नाही.

सरोजला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. भात लावू का?

८ जून, रविवार
न्यू मार्केटजवळच्या हॉलमध्ये उद्योजकांचं प्रदर्शन. क्षितिजाच्या कंपनीचाही स्टॉल. टवटवी प्रायव्हेट लिमिटेड. साडेसात महिन्यांनी पोर समोर दिसली. वाळलीय. मला म्हणाली, बाबा, आलात, बसा. आणि एक काम दिलं. येणाऱ्यांची नावं, गाव, फोन वहीत लिहून घ्यायचे. गळ्यात पट्टी दिली, व्हॉलंटियर. चालेल. कामाला लाज कसली.

पेटी बघितली नीट. पहिल्यांदाच. झाकण उघडलं की हाताला गार लागतं. काल सकाळचा पालक आत, आज तोडल्यासारखा. मी अशी वस्तू कधीच केली नव्हती. कूलरमित्र असा नव्हता. हे मी कुणाला बोललो नाही, इथे लिहितो.

दुपारी एक बँकवाले साहेब आले. मराठीच, उज्जैनचे. पाऊण तास बसले. क्षितिजाने त्यांना सगळं खोलून दाखवलं, माती, वाळू, पाणी, हिशेब. फार छान बोलते. साहेब खूश. म्हणाले, कर्जाच्या कागदांवर तुमची सही लागेल, तुम्हीच डायरेक्टर ना? ती म्हणाली नाही, आई आहे. ते म्हणाले, का हो, सगळं तर तुम्ही केलंत. तिने हात पुसले. म्हणाली, वडिलांची एक जुनी कंपनी होती, मी त्यात डायरेक्टर होते. त्यांचे फॉर्म भरायचे राहिले, त्यात माझं नाव बाद झालं. तिसाव्या वर्षी सुटेन.

साहेबांनी चक् चक् केलं. माझ्याकडे वळून म्हणाले, कसले वडील असतात एकेक. अं? सही करायची होती, तीसुद्धा केली नाही त्या माणसाने.

मी क्षितिजाकडे बघितलं. ती खाली बघून पेटीचं झाकण लावत होती. तिने माझी ओळख करून दिली नाही.

मी म्हणालो, हो ना.

मग त्यांचं नाव, गाव, फोन लिहून घेतला.